कॉलेज आधी की मास्तर आधी?

फोपनारच्या पारावर चार माणसे बसली की हल्ली एक मागणी हमखास निघते. आपल्या भागात मराठी कॉलेज पाहिजे. मागणी रास्त आहे. बारावी झालेली आमची पोरे एक तर बऱ्हाणपुरात हिंदीतून शिकतात, नाही तर भुसावळ-जळगावची वाट धरतात. तिकडे खिडकीवरचा कारकून पहिलाच प्रश्न विचारतो, दाखला परराज्याचा का? मग स्थलांतराचे प्रमाणपत्र, पात्रतेचा दाखला, चार खेपा आणि गाडीभाडे. मुलासाठी बाप या खेपा घालतो. मुलीच्या बाबतीत दुसऱ्या खेपेलाच म्हणतो, "राहू द्या गुरुजी." आमच्या हाताखालून गेलेल्या अशा हुशार मुली केळीच्या बागेत आणि चुलीपाशी राहिल्या. त्यांची नावे आम्हाला हजेरीसारखी पाठ आहेत. १९६४ साली आमच्या गावच्या मातीतून बुद्धाच्या कांस्यमूर्ती निघाल्या, त्याही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. गावचे चांगले ते बाहेर जायचे, ही आमच्याकडे जुनी रीत. असो.

तेव्हा कॉलेज हवेच. पण समितीच्या गेल्या बैठकीत निम्म्याहून अधिक वेळ जागा कोणती, इमारत केवढी आणि तिला नाव कोणाचे, यातच गेला. म्हणून हे लिहिण्याची वेळ आली. शिक्षणशास्त्राच्या पदवीच्या वेळी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचा इतिहास आम्ही गुणांपुरता वाचला होता. या उन्हाळ्यात तो पुन्हा वाचला, तेव्हा त्यात इमारत फार उशिरा भेटली.

आधी भेटतात ते मास्तर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीची सरकारी मास्तरकी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये टिळक व नामजोशी यांच्यासह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे, आगरकर मागाहून आले. कॉलेजचा फलक कोणी लावला नाही, मुले शिकवायला घेतली. विष्णुशास्त्री १८८२ च्या मार्चमध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीचा तुरुंग भोगावा लागला. एवढे होऊनही शाळा चालू राहिली. ऑक्टोबर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये कॉलेज उघडले, तेही वाड्यात. आजच्या मुख्य इमारतीचे काम पुढच्या दशकातले. म्हणजे आधी पाच वर्षे शाळा, मग कॉलेज, आणि नंतर दगड-चुना. नावही मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे दिले. त्यांनी १२०० रुपये देणगी दिली होती. देशी माणसांनी काढलेल्या संस्थेला साहेबाचे नाव, हे आज खटकेल. पण नावावरून त्यांनी काम अडू दिले नाही, एवढे आमच्या मंडळींनी लक्षात घ्यावे.

खरी पुंजी होती ती आजीव सदस्यांची. वीस वर्षे संस्थेतच शिकवीन, असे बांधून घ्यायचे, आणि पुढे वेतन ठरले ते दरमहा ७५ रुपये. याच पदवीवर सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक मिळत होते. गोपाळ कृष्ण गोखले याच बंधनात आले, शिकवीत राहिले, सुट्टीत वर्गणीसाठी हिंडत राहिले. १९०२ मध्ये ते निवृत्त झाले आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले. तेही त्याच अटींवर.

भांडणे झाली नाहीत असे मात्र कोणी समजू नये. सदस्याने बाहेरून पैसा मिळवावा की नाही, कोणाला जादा भत्ता द्यावा की नाही, यावरून असे वाजले की १८९० अखेर टिळकांनी राजीनामा दिला. दहा वर्षे खपून उभ्या केलेल्या संस्थेतून ते बाहेर पडले. आमच्या मते तत्त्वाच्या बाजूने टिळक बरोबर होते, पण पोटापुरते मागणारे सहकारीही चोर नव्हते. १८९२ मध्ये आपटे वारले, आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये तेही गेले. संस्था मात्र टिकली, कारण वर्ग एक दिवसही कोणा एका माणसावर लटकलेला नव्हता. आपली समिती तीन वेळा मोडली ती कशावरून, हे वाचकांना ठाऊक आहे. हिशेबाच्या वहीवरून.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फर्ग्युसनमध्ये शिकवणे इंग्रजीतून होते. केसरी मराठीत लिहिणारे हेच लोक, पण विद्यापीठ मुंबईचे, परीक्षा इंग्रजीत. शिवाय पुढे आलेली मुले बहुतेक वरच्या जातींची. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात हेच बोट ठेवले होते. सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो, शेतकऱ्याचे पोर मात्र पाटीवाचून राहते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आणि मास्तर शेतकरी वर्गातले घ्या, असे त्यांचे म्हणणे. पुण्याच्या मंडळींकडून आम्ही चिकाटी घ्यावी, पण पाया कुठे घालायचा ते जोतीरावांना विचारावे.

आता आपल्याकडे वळू. निमाड जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर होती, आणि १९२३ पासून तिथे विद्यापीठही होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. २००३ मध्ये बऱ्हाणपूर जिल्हा झाला. रेघ बदलली तरी घरातली बोली बदलली नाही. १९५६ मध्येच राज्यघटनेत कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी कराव्यात, असे ते सांगते. ते प्राथमिकपाशी थांबते. पण कलम ३० थांबत नाही. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क ते देते, आणि त्यात कॉलेजही येते. हक्क आहे, मग अडले कुठे? मराठीतून इतिहास, गणित, विज्ञान नीट शिकवील असा तरुण मास्तर आज आमच्या पंचक्रोशीत शोधावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथेही पेढे वाटले. पेढे वाटणाऱ्यांतल्या कितींची नातवंडे मराठी वाचतात, हे आम्ही त्या दिवशी विचारले आणि वाईटपणा घेतला.

आमची सूचना साधी आहे. जागेचा विषय दोन वर्षे बाजूला ठेवावा. जी वर्गणी जमेल तिच्यातून बारावी झालेल्या चार मुलामुलींचा जळगावचा खर्च उचलावा, त्यात निदान दोन मुली. पदवी आणि बी.एड. करून त्यांनी ठरावीक वर्षे इथेच शिकवावे, असा कागद करावा. वीस वर्षे मागण्याचा आमचा धीर होत नाही, पाच चालतील. दरम्यान आम्ही तीन मास्तर, त्यांतले दोन निवृत्त, रोज संध्याकाळी सातला नववी-दहावीच्या मुलांना मराठीतून शिकवायला बसतो. काल नऊ मुले होती. फळा एका बागाइतदाराने दिला आहे, दिव्याचे बिल कोणी भरायचे ते रविवारच्या बैठकीत ठरेल. येताना वही घेऊन यावे.