सांजवातीपुढचा हरिपाठ

आज आषाढ शुद्ध एकादशी. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी पंढरीस पोहोचली आहे. चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगांनी दुमदुमत आहे, आणि ज्यांच्या पायांना वारीचे भाग्य लाभले ते धन्य होत आहेत. परंतु नोकरी, संसार, आजारपण यांत गुंतलेल्या लक्षावधी माणसांची पंढरी कोठे असते? ती असते देवघरापुढच्या हातभर जागेत, जेथे दिवेलागणीला सांजवात लागते आणि घरातली लहानथोर मंडळी मांडी घालून बसतात. या हातभर पंढरीत आईबाप आणि मुले एका सुरात देवाचे नाव घेतात, तेव्हा देव भेटतो की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र तेथे माणसाला माणूस निश्चित भेटतो, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

वारकरी संप्रदायाचा इतिहास पाहिला तर ही भक्ती मुळातच कुटुंबाची आहे. नामदेवरायांचे घर पाहावे. गोणाई माउली, राजाई, पुत्र, स्वतःला नामयाची दासी म्हणविणारी जनाबाई, या सर्वांच्या नावांवरचे अभंग आपल्या गाथांतून आढळतात. चोखोबांचे घर तर याहून हृदयस्पर्शी आहे. ज्यांना देवळाच्या महाद्वारापलीकडे प्रवेश नव्हता त्यांनी घराचेच देऊळ केले. चोखोबा गायले, पत्नी सोयराबाई गायली, बहीण निर्मळा आणि मेहुणे बंका गायले, आणि पुत्र कर्ममेळाही गायला. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चोखोबांच्या वाणीत दुःखाबरोबर शरणागती आहे. कर्ममेळ्याच्या अभंगांत मात्र आपल्याला अशा जन्माला का घातलेस, अशी देवाला विचारलेली तिखट तक्रार आहे. ती तक्रार परंपरेने गाळून टाकली नाही. पित्याच्या अभंगांशेजारीच जपून ठेवली. मुलाने आपल्यासारखेच गावे असा हट्ट ज्या घरात नसतो, त्या घराचे गाणे पिढ्या ओलांडून टिकते.

आधुनिक काळातले उदाहरण विनोबांचे. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई घरकाम करता करता भजने म्हणत. ती ऐकतच विनोबा वाढले. आईला संस्कृत गीता समजत नव्हती, मराठीत सोपी गीता हवी होती. १९१८ साली त्या निवर्तल्या. पुढे विनोबांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला, तो १९३२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याला त्यांनी नाव दिले ‘गीताई’. आईचे ऋण लेकाने असे फेडले.

थोरांच्या या कथांशेजारी एका सामान्य घराची हकिगत सांगण्याचे धाडस करतो. ती माझ्याच घरची आहे, आणि तीत दोष कोणाचा असेल तर तो माझा आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्यास दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. माझ्या आईचा हरिपाठाचा नेम होता. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग तिला मुखोद्गत होते. पालखी लोणंदला आली की दर्शन घेऊन यायचे, आणि बाकी वर्षभर रोज संध्याकाळी देवापुढे बसायचे, हीच तिची वारी. तिच्या शेजारी माझा नऊ वर्षांचा मुलगा लहानसे टाळ घेऊन बसे. मी कचेरीतून येई तेव्हा त्यांचे आटोपत आलेले असे. बालपणी मीही आईमागे म्हणत असे. नोकरी लागल्यावर ते सुटले.

मुलगा बोलताना अडखळत असे. शब्दाचे पहिले अक्षर त्याच्या ओठांशी येऊन अडे, मान ताठ होई, डोळे मिटले जात. ते पाहणे मला असह्य होई, आणि त्या असह्यपणालाच मी शिस्त समजत होतो. “सावकाश बोल,” “पुन्हा म्हण,” “श्वास घे,” असे मी प्रत्येक वाक्याला टोकत असे. घाईत असलो तर त्याचे वाक्य मीच पुरे करून टाकी. परिणाम व्हायचा तोच झाला. तो माझ्याशी बोलेनासा झाला. काही हवे असले तर आईकरवी सांगे. एके सकाळी माझ्या चष्म्याच्या घरात घडी केलेली एक चिठ्ठी मिळाली: ‘बाबा, उद्या फी भरायची आहे.’ एकाच खोलीत झोपणाऱ्या मुलाने बापाला पत्र लिहिले होते. ती चिठ्ठी मी खिशात घातली, फी दिली, आणि त्याविषयी कोणाजवळ अवाक्षर काढले नाही.

त्या वर्षी आषाढ शुद्ध दशमीला आईला सडकून ताप भरला. संध्याकाळी तिने अंथरुणावरूनच हाक दिली, “दिवा लागलाय. हरिपाठ चुकवू नका रे.” पत्नी तिच्या उशाशी बसली होती. देवापुढे मी आणि मुलगा असे दोघेच उरलो. पुष्कळ वर्षांनी मी टाळ हाती घेतले आणि पहिला अभंग सुरू केला. तीन अभंग कसेबसे पार पडले. चौथ्याच्या मध्यावर मी अडलो. पुढचा शब्द जिभेवर होता, पण बाहेर पडेना. मान अवघडली, कानशिले तापली. माझा मुलगा दिवसातून शंभर वेळा जे सोसत होता ते मला त्या क्षणी कळले.

त्याने मला टोकले नाही. टाळाचा ठेका त्याने तसाच चालू ठेवला, मला अवसर दिला, आणि मला शब्द सापडत नाही असे पाहून ध्रुवपद हलकेच उचलले. तेथून पुढे सत्ताविसाव्या अभंगापर्यंत तो पुढे गात होता आणि मी मागून म्हणत होतो. एकदाही तो अडखळला नाही. आतल्या खोलीतून आईचा क्षीण आवाज मधूनमधून आम्हांला येऊन मिळत होता.

अनेक वाचकांना हा चमत्कार वाटेल; मलाही वाटला होता. पुढे एका वाचोपचारतज्ज्ञांना भेटलो तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की बोलताना अडखळणारी बहुतेक माणसे गाताना अडखळत नाहीत. गाण्यात प्रत्येक अक्षराची वेळ ठेक्याने ठरलेली असते, स्वर लांबविलेला असतो, शब्द आधीच ठाऊक असतात. शिवाय इतरांच्या बरोबरीने म्हणताना जिभेवरचा ताण हलका होतो. परंतु गाण्याने तोतरेपणा बरा होतो असे मानू नका, असेही त्यांनी बजावले. “मुलाला सुधारू नका, त्याचे वाक्य पुरे करू नका; तो काय सांगतो आहे ते ऐका,” एवढाच त्यांचा उपदेश होता.

हा उपदेश हरिपाठाने मला आधीच केला होता, फक्त मी तो ओळखला नव्हता. आपल्या भजनाची रीतच अशी आहे की एकाने चरण म्हणावा, इतरांनी थांबावे. मग इतरांनी म्हणावा, त्याने थांबावे. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात थांबणे म्हणजे चूक नव्हे. तोही तालाचाच भाग असतो. मागून म्हणणाऱ्याला पुढच्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. मी आयुष्यभर पुढे म्हणणारा बाप होतो. त्या दशमीला मागून म्हणणारा झालो.

आई त्या आजारातून उठली. तेव्हापासून आम्ही तिघे बसू लागलो. हरिपाठ झाल्यावर दिवा मालवेपर्यंत मुलाने दिवसभराचे सांगायचे आणि मी मध्ये बोलायचे नाही, असा नेम मी मनाशी केला. पहिले कित्येक दिवस तो दोनचार शब्दांवर थांबे. मी टाळाची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसे. पुढे एके दिवशी तो शाळेतल्या एका भांडणाविषयी पाऊण तास बोलला. किती वेळा अडखळला ते मी मोजले नाही.

आज तो परप्रांती नोकरीला आहे, संसारी आहे, आणि अजूनही अडखळतो. आई केव्हाच विठ्ठलचरणी विलीन झाली. एकादशीला त्याचा फोन येतो. “बाबा” या शब्दाआधी क्षणभर शांतता असते. मी तिची वाट पाहतो. मोबाइलवर दोघांनी एकदम गाऊ म्हटले तर सूर मागेपुढे होतात, ठेका जुळत नाही. म्हणून तो एक चरण म्हणतो, मी ऐकतो. मग मी म्हणतो, तो ऐकतो. जुनी रीतच अखेर उपयोगी पडली. आता त्याच्या मांडीवर त्याची लेक असते, आणि शब्द चुकले तरी तिला कोणी टोकत नाही.

आज घरोघरी उपवास घडेल, तुळशीमाळ विठ्ठलाच्या तसबिरीला वाहिली जाईल. सायंकाळी मुलांना जवळ बसवावे. गळा गोड नसला तरी चिंता नाही, टाळ नसतील तर टाळ्या आहेत. मात्र एखादा अभंग तरी मुलाला पुढे म्हणू द्यावा आणि आपण मागून म्हणावे. चातुर्मासाचे अनेक नेम आज धरले जातात. त्यांत मुलाचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकण्याचा हा एक नेम धरला, तर विटेवर युगानुयुगे थांबून राहिलेल्या त्या पांडुरंगाला तो खचितच मान्य होईल.