संप्रेरकांचं कामकाज, लेखांक ५ : दोष धावण्याचा की ताटाचा?

गेल्या लेखांकात स्वस्थ बसलेल्या शरीरातली संप्रेरकं पाहिली. आज मैदानात उतरू.

मैत्रिणीशी गप्पा मारत चालणाऱ्या मुलीच्या रक्तात फारशी खळबळ नसते. वेग वाढून बोलणं तुटायला लागलं की ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन झपाट्यानं चढतात. आणखी जोर लावला तर स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट वेळेत वापरून संपत नाही, रक्तात साचू लागतं. हा लॅक्टेटचा उंबरठा. तो ओलांडून दहाएक मिनिटं तग धरली की ग्रोथ हॉर्मोन भरघोस सुटतं. तरुण स्त्रियांमध्ये त्याची मूळ पातळीच पुरुषांपेक्षा जास्त असते आणि त्यात इस्ट्रोजेनचा मोठा हात असतो. कॉर्टिसॉल मात्र कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांपासून वाढतं. एका प्रयोगात ४० टक्क्यांच्या व्यायामानं ते उलट उतरलं होतं. अर्थात तो प्रयोग पुरुषांवर झाला होता. व्यायामशास्त्राची ही जुनी खोड आहे.

हे सगळे चढउतार काही तासांत निवतात. मग जोरात सराव करणाऱ्या मुलींची पाळी लांबते, थांबते, ती कशानं?

१९८५ साली अमेरिकेत धावण्याची सवय नसलेल्या २८ कॉलेजकन्यांना दोन मासिक चक्रं पळवलं गेलं. रोज साडेसहा किलोमीटरपासून सुरुवात करून अंतर सोळापर्यंत नेलं. काहींचं वजन मुद्दाम घटू दिलं, बाकीच्यांचं राखलं. त्या काळात पूर्णपणे सुरळीत चक्र राहिलं फक्त चौघींचं, आणि त्यातल्या तिघी वजन राखलेल्या गटातल्या होत्या. तरी संशय व्यायामावरच राहिला.

तो फेडला ॲन लाउक्स यांनी, ओहायो विद्यापीठात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक ठरावीक अंतरानं, ठोक्याठोक्यानं सुटतं आणि अंडाशयाचं काम त्या तालावर चालतं. लाउक्स यांच्या गटानं तरुणींचं रक्त दिवसभर, रात्रभर दर दहा मिनिटांनी काढून हे ठोके मोजले. भरपूर व्यायाम केला पण खर्चलेली ऊर्जा जेवणातून भरून काढली, तर ताल टिकला. जेवण तोकडं पडलं की ठोके विरळ झाले. २००३ च्या त्यांच्या शोधनिबंधात सीमारेषाही दिसते: व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ३० किलोकॅलरी. त्याखाली पाच दिवस राहिलं तरी ताल बिघडतो.

हिशोब मांडू. मुलगी ५० किलोची, त्यातलं चरबी सोडून वजन ३८ किलो. सकाळच्या सरावात ४०० किलोकॅलरी गेल्या, तर तिला किमान १५४० हव्यात. ही झाली धोक्याची रेघ. प्रयोगात पुरेसं मानलेलं प्रमाण ४५ चं होतं. तसं खायचं तर आकडा २११० वर जातो. आता पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी पहाटे पळणारी, चहा-बिस्किटावर क्लासला जाणारी आणि मेसच्या दोन पोळ्यांवर दिवस काढणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. 'वजन कमी कर, वेळ सुधारेल' हा सल्ला तिला फुकटात मिळतो. पाळी थांबली की 'सराव बंद कर' हा दुसरा. पहिला तिला उपाशी ठेवतो, दुसरा तिची भरती घालवतो, आणि ताटाकडे दोघांचंही लक्ष नसतं.

पाळी तीन महिने आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवं. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओएस ही कारणंही असू शकतात आणि ती तपासणीशिवाय वगळता येत नाहीत. 'खेळाडूंचं असंच असतं' ही समजूत महागात पडते, कारण इस्ट्रोजेन घटलं की हाडं विरळ होऊ लागतात, तीही नेमकी ज्या वयात ती भरायची असतात त्या वयात. त्या हाडांविषयी पुढच्या आठवड्यात.