एका लिटरमध्ये किती माणसं?

कुणी नवी गाडी घेतली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती देते?" पंचेचाळीस देते म्हणताना स्कूटरवाला खुलतो, पंधरा देते म्हणताना मोटारवाला जरा इकडेतिकडे बघतो. पण हा झाला गाडीचा हिशेब. इंधन जाळून न्यायचं असतं माणसांना, तेव्हा आज माणसांचा हिशेब करू या. आकडे ढोबळच घेतोय.

मोटार लिटरला 15 किलोमीटर जाते आणि आत सरासरी दीड माणूस. म्हणजे एका लिटरमध्ये साडेबावीस प्रवासी-किलोमीटर. स्कूटर 45 देते. तिच्यावर सव्वा माणूस धरला तर झाले 56. आता शहरातली मोठी डिझेल बस. ती देते साडेतीन! ऐकायला भयंकर वाटतं. पण आत 50 माणसं असली तर एका लिटरमध्ये 175 झाले, मोटारीच्या जवळजवळ आठपट. मात्र त्याच बसमध्ये सोळाच माणसं बसली तर आकडा पुन्हा 56, म्हणजे स्कूटरइतकाच. रिकामी बस फिरवण्यात काही पुण्य नाही, पुण्यातसुद्धा नाही. (हशा)

मोटार इतकी मागे का पडते? 100 रुपयांचं पेट्रोल भरलं तर त्यातले वीस-पंचवीस रुपये चाकांपर्यंत पोचतात, बाकीच्यांची बहुतेक उष्णताच होते. आणि त्या वीस-पंचवीस रुपयांत हजार किलोची गाडी हलते, वर सत्तर किलोचे तुम्ही. तुमच्या वाट्याला दीडेक रुपया! शिवाय दर सिग्नलला कमावलेला वेग ब्रेक तापवण्यात जातो. विजेची गाडी त्यातला काही भाग बॅटरीत परत घेते, धूरही सोडत नाही. ते चांगलंच आहे. पण टायर झिजून आणि रस्त्यावरची धूळ उडून हवेत जाणारे कण राहतातच, आणि कोंडीत ती जागाही तेवढीच अडवते.

दिल्लीचं उदाहरण बघा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1998 मध्ये तिथल्या बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला. 2002 संपेपर्यंत ते झालंही, त्याचं कौतुक जगभर झालं. पण त्याच आदेशात आणखी एक कलम होतं, ते फारसं कुणाला आठवत नाही: एप्रिल 2001 पर्यंत बसची संख्या 10,000 करा. वीस वर्षांनंतरही दिल्लीच्या सार्वजनिक बस त्या आकड्याच्या खालीच होत्या. इंधन बदललं, पण माणसं आपापल्या गाड्या घेत राहिली.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. तिच्या आखणीत दोष होते, टीका झाली, पण मूळ कल्पना साधी होती. दहा किलोमीटरच्या मार्गावर बस ताशी दहाने चालली तर एका फेरीला एक तास. ताशी वीसने चालली तर अर्धा तास. तीच बस, तोच चालक, पण फेऱ्या दुप्पट! नवी बस न घेता. फेऱ्या वाढल्या की थांब्यावरचं ताटकळणं कमी होतं, मग लोक चढतात, आणि मघाचा सोळाचा आकडा पन्नासाकडे जायला लागतो. म्हणून मार्गिकेत शिरणारी एक मोटार फक्त बसचा रस्ता अडवत नाही, ती आपला सगळा हिशेब बिघडवते.

एका ताईंची चिठ्ठी आहे: "बस अर्धा अर्धा तास येत नाही, मग स्कूटर घेतली तर चुकलं का?" अजिबात नाही, ताई. तुमचा हिशेब बरोबर आहे. मीही तेच केलं असतं. हा प्रश्न तुमच्या नगरसेवकाला विचारा, आणि रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आला की त्यातली बसची मार्गिका कुठे आहे तेही विचारा. चला, पुढची चिठ्ठी घेऊ.