अपुऱ्या जागेत सायकलींची ठेवण

खेड्यातील शाळेशी सायकलीचा संबंध फार जुना आहे. तालुक्याच्या गावाहून येणारा शिक्षक, वाडीवस्तीवरून येणारा वरच्या इयत्तेचा विद्यार्थी आणि प्राथमिक शाळा संपवून शेजारच्या गावी माध्यमिक शाळेत जाणारी मुलगी, या सर्वांना सायकल ही चैनीची वस्तू नसून शिक्षणाचे साधन आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आखली गेली, तीही याच जाणिवेतून. परंतु सायकल मिळणे आणि ती टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन खणांच्या घरात माणसांनाच जागा पुरत नाही. मग सायकल वळचणीखाली किंवा गोठ्याच्या कडेला उभी राहते. पावसाळ्याचे चार महिने तिच्यावर पागोळ्या गळतात. दिवाळीपर्यंत चेन आखडते, टायरला भेगा पडतात आणि दुरुस्तीस पैसे नसले की मुलीची पायपीट पुन्हा सुरू होते. अशी पायपीट पुष्कळदा शाळा सुटण्याचे पहिले पाऊल ठरते. म्हणून थोड्या जागेत सायकल छपराखाली कशी ठेवावी, हा प्रश्न शिक्षकांनी क्षुल्लक मानू नये.

सायकल किती जागा व्यापते ?

जागेचा विचार मापापासून सुरू करावा. आपल्याकडील नेहमीची मोठी सायकल सुमारे १ मीटर ८५ सेंटिमीटर लांब असते. हँडलजवळ तिची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर, जमिनीपासून हँडलपर्यंतची उंची सुमारे १ मीटर आणि वजन सुमारे २० किलोग्रॅम भरते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, सायकलीचे अंग मुळात बारीक आहे. जागा अडवितात ती हँडल आणि पेडल. जागा वाचविण्याच्या सर्व युक्त्या या दोन अवयवांची अडचण दूर करण्याच्याच युक्त्या होत.

शाळेचा व्हरांडा ६ मीटर लांब व २ मीटर रुंद आहे असे समजू. सायकली भिंतीस समांतर, एकीपुढे एक अशा लावल्या तर तीनच मावतात; मात्र त्या ६० सेंटिमीटर रुंदीच अडवितात व १ मीटर ४० सेंटिमीटर वाट मोकळी राहते. पुढचे चाक भिंतीकडे करून सायकली काटकोनात उभ्या केल्या तर दहा मावतात, पण वाट जेमतेम १५ सेंटिमीटर उरते, म्हणजे वाट उरतच नाही. त्याच सायकली ४५ अंशांत तिरप्या लावल्या तर सहा मावतात व सुमारे ६५ सेंटिमीटर वाट राहते. यावरून दिसून येईल की, अधिक सायकली मावणे म्हणजे जागेचा अधिक चांगला उपयोग होणे नव्हे. वर्गाच्या दारासमोरील भाग तर प्रथमच हिशेबातून वगळला पाहिजे.

उपलब्ध जागा खोल असेल, म्हणजे शाळेमागे पत्र्याची पडवी असेल, तर काटकोनाचीच रचना सोयीची. त्यातही एक सायकल भिंतीकडे तोंड करून व तिच्या शेजारची भिंतीकडे पाठ करून, अशा उलटसुलट लावाव्यात. शेजारशेजारच्या सायकलींची हँडले एका रेषेत येत नाहीत, त्यामुळे त्या एकमेकींत गुंततात थोड्या आणि जवळ बसतात अधिक. दोन सायकलींत ६० ऐवजी ४५ सेंटिमीटर अंतर पुरते. त्याच ६ मीटरांत दहाच्या जागी तेरा सायकली राहतात.

सायकल पडू नये म्हणून

दाटीने लावलेल्या सायकलींपैकी एक कलंडली की सारी रांग कोसळते. अशा वेळी जवळ लहान मूल असेल तर इजा होण्याचा धोका असतो. एका बाजूस टेकू देणाऱ्या स्टँडपेक्षा मागील चाकाचे दुपायी स्टँड अशा ठिकाणी चांगले. त्यावर सायकल सरळ उभी राहते व जागाही कमी लागते. दुसरा उपाय गावातच होण्यासारखा आहे. जमिनीत रोवलेल्या खुंटांस दोन आडवे बांबू समांतर बांधावेत, त्यांच्यामध्ये उभे तुकडे ठोकून चाक शिरेल एवढे कप्पे करावेत. सायकलीचे चाक कप्प्यात अडकले की ती डोलत नाही. कप्प्यांवर क्रमांक घालावेत आणि ज्यांना लवकर निघावयाचे असते त्यांच्या सायकली बाहेरच्या कडेस लावण्याचा नेम ठेवावा.

घरातील एक सायकल

शिक्षकाच्या भाड्याच्या खोलीत किंवा विद्यार्थ्याच्या घरात प्रश्न एकाच सायकलीचा असतो. तेथे उंचीचा उपयोग करता येतो. तुळईत मजबूत आकडा बसवून पुढच्या चाकाच्या धावेने सायकल उभी टांगली, तर भिंतीपासून सुमारे १ मीटर व रुंदीत ६० सेंटिमीटर एवढीच जागा लागते. आकड्यास जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे धावेस ओरखडा जात नाही. अशा टांगण्याने चाकाचे आरे वाकतील ही शंका निराधार होय. स्वार बसला असता दोन चाकांवर मिळून ७०-८० किलोग्रॅम भार येतो. टांगलेल्या सायकलीचा भार अवघा २० किलोग्रॅम असतो. काळजी घ्यावयाची ती चाकाची नव्हे, आकड्याची. मातीच्या किंवा पोकळ झालेल्या विटांच्या भिंतीत आकडा ठोकू नये. तो लाकडी तुळईत अथवा पक्क्या गिलाव्यामागील भक्कम भिंतीतच असावा.

जुन्या घरांचे आढे उंच असते. तेथे हँडल व बैठक यांना दोर बांधून सायकल आडवी वर ओढून ठेवता येते. दोराचे एक टोक तुळईस बांधून दुसरे टोक सायकलीस जोडलेल्या फिरत्या कप्पीतून घेतले, तर २० किलोग्रॅम वजनास सुमारे १० किलोग्रॅमचा जोर पुरतो. मात्र दोर दुप्पट ओढावा लागतो. वर नेलेल्या सायकलीचा दोर पक्क्या खुंटीस दोन वेढे देऊन बांधावा आणि मुले झोपतात त्या जागेवर ती कधीही टांगू नये. शाळेत टांगण्याची पद्धत टाळावी हेच बरे, कारण एवढे वजन उचलणे मुलांच्या शक्तीबाहेरचे आहे.

उन्हाळ्याच्या सुटीसारख्या दीर्घ काळासाठी सायकल ठेवावयाची असेल तर पेडले काढून ठेवावीत. उजवे पेडल नेहमीच्या आट्यांचे असते, डावे उलट आट्यांचे. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण डावे पेडल सैल करण्याऐवजी अधिकच आवळतात. पान्याने हँडल सैल करून फ्रेमशी समांतर फिरविले तरी बरीच जागा वाचते. परंतु ब्रेक लोखंडी कांब्यांचे असतील तर हँडल फिरवू नये, त्या कांब्या वाकतात.

छपराखाली आणल्याने काम संपत नाही

लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी ही तीन एकत्र आली की गंज चढतो. यांपैकी पाणी तेवढे दूर ठेवणे आपल्या हाती आहे. ओली सायकल कोंदट खोलीत तशीच ठेवली तर ती उघड्यावरील सायकलीइतकीच गंजते. म्हणून आत आणताच कोरड्या फडक्याने ती पुसावी व चेनीस तेलाचे थेंब द्यावेत. मिठाच्या किंवा रासायनिक खताच्या गोणीशेजारी सायकल ठेवू नये; क्षार ओलावा खेचतात व गंज वाढवितात. कोकणातील खाऱ्या हवेत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

टायराचे शत्रू निराळे आहेत. ऊन, तेल आणि रॉकेल यांनी रबर खराब होते. चाकात हवा नसताना सायकल महिनोन् महिने उभी राहिली तर टायरची दुमड पडलेली जागा चिरते. यास्तव सुटीपूर्वी हवा भरावी आणि शक्य तर चाके जमिनीपासून उचललेली राहतील असे पाहावे.

वाट मोकळी ठेवावी

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी. सायकल कोठे ठेवावी यापेक्षा कोठे ठेवू नये हे आधी ठरवावे. इ. स. २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेस आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. छप्पर झापांचे होते आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. संकटकाळी मुले डोळे मिटून धावतात. वाटेतील एक आडवी सायकल पन्नास मुलांना अडवू शकते. वर्गाचे दार, जिना, पोषण आहाराचे स्वयंपाकघर व पाण्याची टाकी यांच्या वाटेत एकही सायकल असता कामा नये. दोन मुले शेजारी शेजारी धावू शकतील एवढी वाट सदैव मोकळी हवी. तेवढी जागा नसेल तर सायकली अंगणातील साध्या छपराखाली न्याव्यात, पण वाट अडवू नये. बॅटरीवर चालणारी सायकल असल्यास ती वर्गात किंवा दाराशी विद्युत्भारित करू नये.

हे सारे काम शिक्षकांनी एकट्याने करण्याचे नाही. व्हरांड्याचे माप मुलांकडून घ्यावे. किती सायकली, कोणत्या कोनात, किती वाट उरते हा हिशेब फळ्यावर मांडावा. गणिताचा क्षेत्रफळाचा पाठ, भूमितीतील कोन, विज्ञानातील गंज आणि कप्पी, हस्तव्यवसायातील बांबूकाम, एवढे सर्व विषय या एका कामात गुंफले जातात. जे मूल शाळेत सायकल पुसून जागेवर लावावयास शिकेल, ते घरीही तिला वळचणीखाली भिजू देणार नाही. आणि ज्या घरातील सायकल पावसाळा निभावून नेते, त्या घरातील मुलीची शाळाही दिवाळीनंतर सुरूच राहण्याची आशा अधिक असते.