तालोस्सा म्हणजे घरात

माझं मराठी कसं आहे ते आमच्या विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. 'माझी पेन कुठे गेला?' हे ऐतिहासिक वाक्य माझंच. कॉन्व्हेंटची कृपा! त्यामुळे मी फिनिश शिकतेय म्हटल्यावर रूममेट म्हणाली, "बाई, आधी मराठी तर शीक!" पण मला मास्टर्ससाठी फिनलंडला अर्ज करायचाय. लेक्चर्स इंग्लिशमध्ये असतील, पण बाहेर पडल्यावर काय?

पहिली खूशखबर म्हणजे फिनिशमध्ये लिंगच नाही. तो असो की ती, 'हॅन'. पेन बिनधास्त हरवावं.

क्रियापद मात्र कर्त्याप्रमाणे बदलतं. मिनॅ ओलेन (मी आहे), सिनॅ ओलेत (तू आहेस), हॅन ओन (तो/ती आहे). शेवटावरून कर्ता कळतो, म्हणून 'मिनॅ' गाळलं तरी चालतं. आपण नाही का नुसतं 'आलेय' म्हणतो?

खरी भानगड विभक्तीची. फिनिशमध्ये 15 आहेत! शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ करताना मी रडले होते, त्यामुळे आकडा बघून पुस्तक मिटलंच. इंग्लिशमधून विचार केला की इन, फ्रॉम आधी येतं आणि सगळं उलटं होतं. मग एकदा मराठीतून वाचून पाहिलं. तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून. झालं की! शब्दात आ, ओ, उ असेल तर 'स्सा', नाहीतर 'स्सॅ'. जंगलात म्हणजे मेत्सॅस्सॅ. आपल्या घोड्याचा 'घोड्यात' होतो तसा मूळ शब्दही कधी बदलतो : हेलसिंकी, पण हेलसिंगिस्सॅ. विशेषणाला तोच प्रत्यय लागतो. इसोस्सा तालोस्सा, म्हणजे 'मोठ्यात घरात'.

नोकिया हे तिथलं एक गावसुद्धा आहे. त्या गावात म्हणायला मात्र 'नोकियाल्ला', शब्दशः 'नोकियावर'. का ते विचारू नका. आपण तरी 'मेसवर' का जातो?

'हॅव'ला क्रियापद नाही. मिनुल्ला ओन तालो, म्हणजे माझ्यापाशी घर आहे. इंग्लिशवाल्यांना हे विचित्र वाटतं, आपल्याला नाही.

आणि नकार! तिथे 'नाही' हेच क्रियापद आहे. ते चालतं आणि मुख्य क्रियापद गप्प बसतं : एन युओ (मी पीत नाही), एत युओ (तू पीत नाहीस), एइवॅत युओ (ते पीत नाहीत). आपलंही नाही, नाहीस, नाहीत असंच चालतं, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

कर्माचा प्रत्यय अजून चुकतो. युओन माइतोआ म्हणजे दूध पितेय, युओन माइदोन म्हणजे दूध पिऊन टाकते. नकारात मात्र नेहमी माइतोआ. प्रश्नाला क्रियापदाच्या शेपटाला 'को' चिकटवायचा, आपल्या 'का'सारखा.

रूममेट आता रोज रात्री विचारते, "युओत्को माइतोआ?" मेसचं दूध बघून माझं उत्तर ठरलेलं : एन युओ.