पिस्तुलाच्या काडतुसांचे पुनर्भरण आणि पितळी पुंगळ्यांची वर्गवारी : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्राला काडतूसनिर्मितीची दीर्घ परंपरा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत आहेत. काडतुसाची पुंगळी साधारणतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. हे पितळ लवचीक असल्याने झाडलेली पुंगळी पुन्हा भरता येते. अमेरिकेतील अनेक नेमबाज असे पुनर्भरण करतात. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक आहे. पुनर्भरणापूर्वी पुंगळ्यांची वर्गवारी खरोखर आवश्यक आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्गवारी आणि अचूकता :
परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या कारणांमुळे होणारे विचलन सरळ बेरजेने वाढत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. समजा, नेमबाजाचा हात व शस्त्र यांमुळे होणारे प्रमाण विचलन २० मिलिमीटर आणि पुंगळ्यांतील फरकामुळे होणारे ४ मिलिमीटर आहे. एकूण विचलन ४०० अधिक १६ यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २०.४ मिलिमीटर होईल. पुंगळ्यांतील सर्व फरक नाहीसा केला तरी लाभ अर्ध्या मिलिमीटरहून कमीच! २५ मीटरवरील अचूक नेमबाजीच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. त्या तुलनेत हा लाभ नगण्य ठरतो. शिवाय पुंगळीचे वजन बुडाकडील खाचेमुळेही बदलते. त्यावरून आतील पोकळीचे नेमके अनुमान करता येत नाही.

वर्गवारी आणि सुरक्षितता :
सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र वर्गवारी अपरिहार्य आहे. जाड भिंतीच्या किंवा आत पायरी असलेल्या पुंगळीत पोकळी कमी असते. तेवढ्याच दारूने तिच्यात दाब अधिक निर्माण होतो. ०.४५ इंची पिस्तुलाच्या पुंगळ्यांत प्रायमरची घरे लहान व मोठी अशी दोन मापांची आढळतात. वारंवार वापराने पितळ कठीण होऊन तोंडाशी तडे जातात. अशा पुंगळ्या बाद करणेच इष्ट. पुंगळीच्या बुडावरील 'केएफ' (खडकी) किंवा 'ओएफव्ही' (वरणगाव) यांसारख्या खुणा वर्गवारीस साहाय्यक ठरतात.

मर्यादा :
कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यात ०.२२ इंची काडतूस वापरले जाते. त्याचे प्रज्वलक मिश्रण पुंगळीच्या कडेत असते. त्यामुळे तेथे पुनर्भरणाचा प्रश्नच व्यवहारात उद्भवत नाही.

निष्कर्ष :
पिस्तुलाच्या पुंगळ्यांची वजनानुसार सूक्ष्म वर्गवारी अचूकतेत फारशी भर घालत नाही. परंतु माप, बनावट व स्थिती यांनुसार केलेली वर्गवारी नेमबाजाच्या हाताचे व डोळ्यांचे रक्षण करते. मोजमापाचा सूक्ष्मपणा कोठे खर्च करावा, हे ठरविणे हेही शास्त्रीय दृष्टीचेच लक्षण होय.