वेबसाइटचा वेग वाढवताना

आपल्यातल्या काही गटांनी पापड, मसाले, लोणची विकायला स्वतःची वेबसाइट केली आहे. पण पान उघडायला वेळ लागला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मग कुणीतरी सांगतं, 'कॅशिंग प्लगिन घाला, अमुक इतके पैसे होतील.' पैसे देण्याआधी हे काय असतं ते समजून घेऊ.

ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, तर तयार साठा. वर्डप्रेसवरची साइट दर वेळी नाव, भाव, फोटो गोळा करून पान नव्यानं बांधते. दहा गिऱ्हाइकं आली तर दहा वेळा. आपण भाकरीसाठी दर वेळी दळण काढत नाही, पिठाचा डबा भरून ठेवतो. प्लगिन म्हणजे साइटला जोडायची एक सोय. कॅशिंगचं प्लगिन एकदा बांधलेलं पान जपून ठेवतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच दाखवतं.

कोणतं घ्यायचं? जिथे साइटची जागा भाड्यानं घेतली, त्या होस्टिंगवाल्यांना दोन प्रश्न विचारा. कॅशिंग तुमच्याकडे आधीच चालू आहे का? असेल, तर वेगळं प्लगिन बहुधा लागत नाही. सर्व्हर लाइटस्पीडचा आहे का? असेल, तर 'लाइटस्पीड कॅश' हे मोफत प्लगिन घ्या. नसेल, तर 'डब्ल्यूपी सुपर कॅश' मोफत आहे आणि वापरायला सोपं आहे. 'डब्ल्यूथ्री टोटल कॅश'मध्ये सेटिंग पुष्कळ, म्हणून जाणकार हाताशी असेल तरच ते घ्या. 'डब्ल्यूपी रॉकेट'ला पैसे पडतात. मोफतचं वापरून पाहिल्याशिवाय गटाचे पैसे त्यात घालू नका. आणि एका वेळी एकच ठेवा. दोन असली की एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

आता जपायच्या गोष्टी. मिरची महागली म्हणून मसाल्याचा भाव ३०० वरून ३४० केला, तरी साठ्यातलं पान ३०० च दाखवू शकतं. मग गिऱ्हाइकाशी वाद होतो आणि विश्वास जातो. म्हणून भाव बदलला की साठा रिकामा करण्याचं बटण दाबा आणि दुसऱ्या फोनवर पान उघडून बघा. खरेदीची टोपली, पैसे भरण्याचं पान आणि गिऱ्हाइकाचं खातं कधीही साठवू नये, नाहीतर एकीची माहिती दुसरीला दिसू शकते. ही पानं वगळली आहेत ना, हे साइट करणाऱ्याकडून खात्रीनं विचारून घ्या.

फोटो फार मोठे असतील, तर प्लगिन घालूनही साइट रखडेल. ते आधी लहान करा. गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स'वर वेग फुकट मोजता येतो. प्लगिन घालण्याआधी आणि नंतर मोजा, आकडे गटाच्या वहीत लिहा. फरक दिसला तरच पैसे द्या.